ओव्हरहेड लाईनचं अर्थिंग तपासायला टेस्टर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात पोल, डीपी (ट्रान्सफॉर्मरचं स्ट्रक्चर) आणि टॉवरचं अर्थिंग तपासण्याचं काम मी करतो. लाइनमन, आयटीआयची पोरं, छोटे कंत्राटदार, नवे शाखा अभियंते आणि कधीकधी शेतकरीही प्रश्न पाठवतात, आणि बहुतेक प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढे आहेत. दुसऱ्या उत्तरात आलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे मेगर आहे. मग अर्थ टेस्टर वेगळा कशाला घ्यायचा?

मेगर इन्सुलेशन तपासतो. तो ५०० किंवा १००० व्होल्ट डीसी सोडतो आणि मेगओहममध्ये वाचतो. अर्थिंगमध्ये आपल्याला एक, पाच, दहा ओहम मोजायचे असतात, तेही मातीतून. लोक दोन्हीला ‘मेगर’च म्हणतात, कारण जुने अर्थ टेस्टरही हँडल फिरवायचे असत आणि पेटीही तशीच दिसे. घेताना टर्मिनल पाहा. दोनच मुख्य टर्मिनल आणि मेगओहमचा स्केल असेल तर तो इन्सुलेशनचा आहे. तीन किंवा चार टर्मिनल आणि ओहमचा स्केल असेल तर तो अर्थ टेस्टर.

२. मल्टिमीटरने किंवा फेजला बल्ब लावून अंदाज येत नाही का?

नाही. मल्टिमीटर डीसी सोडतो. ओल्या मातीत धातूभोवती बॅटरीसारखी रासायनिक क्रिया होते आणि आकडा सरकत राहतो. शिवाय दोन टोकांत मोजलं की तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स आणि तुम्ही ठोकलेल्या खिळ्याचा रेझिस्टन्स एकत्र येतो, आणि खिळ्याचा बहुधा कितीतरी जास्त असतो.

बल्बची पद्धत तर करूच नका. फेजचा करंट मुद्दाम अर्थिंगमध्ये सोडला की अर्थिंगच्या पाईपभोवतीच्या जमिनीवर व्होल्टेज चढतं. अर्थिंग जितकं खराब, तितकं ते जास्त. म्हणजे जिथे तपासण्याची खरी गरज आहे, तिथेच ही पद्धत जीव घेऊ शकते.

३. किती ओहम आलं म्हणजे अर्थिंग चांगलं?

ट्रान्समिशन टॉवरसाठी साधारण १० ओहमच्या आत, असं धरून काम चालतं. डीपी, उपकेंद्र आणि ११ केव्ही पोल यांच्या मर्यादा वेगळ्या असतात. तुमच्या कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला आकडाच धरा. अर्थिंगची एकूण पद्धत आयएस ३०४३ मध्ये आहे.

१० हा आकडा आकाशातून पडलेला नाही. विजेचा २० हजार अँपिअरचा झटका टॉवरमधून जमिनीत उतरला आणि पायथ्याचा रेझिस्टन्स १० ओहम असेल, तर टॉवर ढोबळमानाने २ लाख व्होल्टपर्यंत वर जातो. ४० ओहम असेल तर ८ लाख. मग वीज टॉवरकडून उलटी इन्सुलेटरवरून कंडक्टरवर उडी मारते आणि लाईन ट्रिप होते. मृगाच्या आधीच्या वादळांत ट्रिपिंग वाढतं, त्यामागे पायथ्याचे चढलेले ओहम हे एक मोठं कारण असतं.

४. बाजारात इतके प्रकार आहेत. मी कोणता घेऊ?

किंमत विचारण्याआधी एक गोष्ट पाहून या: तुम्हाला तपासायचं अर्थिंग एकटं आहे, की वरून तारेने दुसऱ्या अर्थिंगांना जोडलेलं आहे? टेस्टर याच्यावरच ठरतो.

एकटं अर्थिंग म्हणजे प्रत्येक पोलला आपली स्वतंत्र, जमिनीत पुरलेली तारेची कॉइल किंवा पाईप आहे आणि वर सलग अर्थ वायर (पोल किंवा टॉवरांच्या डोक्यावरून जाणारी, सगळ्यांना जोडणारी तार) नाही, अशी ११ केव्ही लाईन. किंवा असं अर्थिंग, जे तपासणीपुरतं सुरक्षितपणे सोडवता येतं. इथे स्पाईक (जमिनीत तात्पुरती ठोकायची लोखंडी सळई) ठोकून मोजणारा साधा तीन किंवा चार टर्मिनलचा डिजिटल टेस्टर पुरतो. छोट्या कंत्राटदाराने पहिला टेस्टर हाच घ्यावा, आणि घेताना चार टर्मिनलचाच घ्यावा (कारण प्रश्न १३ मध्ये आहे).

वरून जोडलेलं अर्थिंग म्हणजे अर्थ वायर असलेली लाईन, म्हणजे ६६, १३२, २२०, ४०० केव्हीचे टॉवर. इथे साधा टेस्टर तुमच्या टॉवरचा आकडा देतच नाही. त्याचा करंट अर्थ वायरवरून शेजारच्या दहा टॉवरांत वाटला जातो, आणि स्क्रीनवर दिसतो तो सगळ्यांचा मिळून आकडा. टॉवर ३० ओहमचा असला तरी दोन-तीन ओहम दिसतात आणि रजिस्टरमध्ये ‘उत्तम’ लिहिलं जातं. अशा ठिकाणी फ्लेक्स कॉइलची जोड असलेला टेस्टर (प्रश्न ९) किंवा उच्च फ्रिक्वेन्सीचा टेस्टर (प्रश्न १०) लागतो.

क्लॅम्प टेस्टर या दोघांच्या मध्ये बसतो, आणि सगळ्यात जास्त फसगत त्याच्याच बाबतीत होते. त्याच्यासाठी प्रश्न ७ आणि ८ वाचा.

५. स्पाईक किती अंतरावर ठोकायचे? किटमध्ये १५-२० मीटरची वायर येते, ती पुरते का?

एका पाईपसाठी कशीबशी पुरते. टॉवरसाठी नाही.

साधा टेस्टर एका स्पाईकपर्यंत जमिनीतून करंट सोडतो आणि दुसऱ्या स्पाईकने व्होल्टेज मोजतो. करंटचा स्पाईक इतका लांब हवा की त्याच्याभोवतीचं क्षेत्र आणि आपल्या अर्थिंगभोवतीचं क्षेत्र एकमेकांत शिरू नये. तीन मीटरच्या एका पाईपला तीस-चाळीस मीटर ठीक आहे. पायांत आठ मीटर अंतर असलेल्या टॉवरचा कर्ण सव्वाअकरा मीटर होतो. त्याच्या पाचपट अंतर किमान, दहापट मिळालं तर उत्तम. म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर. टॉवरचं काम करायचं असेल तर मोठ्या रीळ वेगळ्या घ्या. ही वायर टेस्टरच्या मानाने स्वस्त आहे, आणि तिथेच लोक काटकसर करतात.

व्होल्टेजचा स्पाईक करंटच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकतात. पण हे गणित माती सगळीकडे सारखी असेल तेव्हाचं. आपल्याकडे वर दोन मीटर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. त्यामुळे एका रीडिंगवर कधीच थांबू नका. व्होल्टेजचा स्पाईक ५२ टक्क्यांवर आणि ७२ टक्क्यांवर नेऊन पुन्हा घ्या. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर सरासरी लिहा. चढत गेले तर करंटचा स्पाईक आणखी लांब न्या.

६. मे महिन्यात टेस्टर ‘स्पाईकचा रेझिस्टन्स जास्त’ असं दाखवतो. टेस्टर खराब आहे का?

टेस्टर बहुतेक वेळा ठीकच असतो, जमीन कोरडी असते.

मे महिन्यात कपाशीच्या रिकाम्या वावरात उभं राहून पाहा. काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. स्पाईक हातोडीने सहज जातो आणि सैल बसतो. तो भेगेच्या पोकळीत लटकलेला असतो, मातीला फक्त दोन-तीन ठिकाणी टेकतो. हाताने हलवला की डुलतो. असा स्पाईक उपटा, भेगांपासून हातभर सरकून अखंड ढेकळात ठोका, भोवती माती चेपा आणि तांब्याभर पाणी टाका. पाच मिनिटं थांबा. मग तोच टेस्टर निमूटपणे रीडिंग देतो.

तरीही टेस्टर निवडताना हे पाहिलंच पाहिजे, कारण आपला उन्हाळा कागदावरच्या परिस्थितीपेक्षा कडक आहे. स्पाईकचा रेझिस्टन्स १० हजार ओहम असेल आणि टेस्टर ५० व्होल्ट देत असेल, तर जमिनीत जेमतेम ५ मिलीअँपिअर करंट जातो. तुमचं अर्थिंग ५ ओहमचं असेल तर त्यावर २५ मिलीव्होल्ट उमटतात, आणि डोक्यावरच्या लाईनमुळे जमिनीत येणाऱ्या गडबडीतून टेस्टरला तेवढे वेचून काढायचे असतात. म्हणून माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधा: स्पाईकचा रेझिस्टन्स किती असेपर्यंत अचूकता टिकते, किती व्होल्टचा उपद्रव तो सहन करतो, आणि प्रत्येक स्पाईकचा रेझिस्टन्स वेगळा दाखवतो का. तिसरी सोय असेल तर नेमका कोणता स्पाईक ओला करायचा ते कळतं. विदर्भात काम करणाऱ्याला ही सोय अत्यंत उपयोगी आहे.

चिखलदऱ्यासारख्या भागात खडकच वर असतो आणि स्पाईक आत जात नाही. तिथे लोखंडी पट्टी किंवा प्लेट खडकावर आडवी ठेवा, खाली-वर भिजवलेलं पोतं घाला आणि वर दगड ठेवा. बेंटोनाईटचा (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा) चिखल मिळाला तर आणखी चांगलं. सहायक स्पाईकसाठी हे चालतं. त्याचा रेझिस्टन्स रीडिंगमध्ये येत नाही, फक्त करंट पुरेसा जायला हवा.

७. क्लॅम्प टेस्टर घेतला तर ना स्पाईक, ना वायर. मग सगळे तोच का घेत नाहीत?

कारण क्लॅम्प जमीन मोजत नाही, तो पूर्ण फेरा मोजतो. जबडा अर्थिंगच्या तारेभोवती बसला की तो तारेत व्होल्टेज निर्माण करतो आणि किती करंट फिरतो ते पाहतो. करंटला परतीची वाट हवी: या पाईपमधून जमिनीत, जमिनीतून दुसऱ्या अर्थिंगमध्ये, तिथून वरच्या तारेने परत.

परतीची वाट भरपूर अर्थिंगांतून असेल तर क्लॅम्प फार छान काम करतो. सलग अर्थ वायरने जोडलेले वीस पोल घ्या, प्रत्येकाचं अर्थिंग २० ओहमचं. एका पोलला क्लॅम्प लावला तर त्याचे २० आणि बाकी एकोणीस समांतर मिळून साधारण १ ओहम, म्हणजे स्क्रीनवर २१. आकडा थोडा जास्त दिसतो, पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

परतीला एकच अर्थिंग असेल तर? एक २० आणि दुसरं ३० ओहमचं असेल तर दोन्हीकडे ५० दिसेल. कोणतं खराब ते कळणार नाही. परतीची वाटच नसेल, जसं स्वतंत्र कॉइल अर्थिंगच्या ११ केव्ही पोलला, तर क्लॅम्प मर्यादेबाहेरचा आकडा दाखवतो आणि नवखा माणूस ‘अर्थिंग तुटलं’ असं लिहून मोकळा होतो.

डीपीवर आणखी एक गुंता असतो. ट्रान्सफॉर्मरची बॉडी आणि लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं साधन) यांचे अर्थिंगचे वेगळे खड्डे वर त्याच लोखंडी स्ट्रक्चरला जोडलेले असतील, तर क्लॅम्प त्या दोन खड्ड्यांचाच फेरा मोजतो आणि बेरीज दाखवतो. बेरीजच मर्यादेच्या आत आली तर दोन्ही बरे असं म्हणता येतं. पण खड्डे एकमेकांना खेटून असतील तर तेही म्हणता येत नाही, कारण दोघांची क्षेत्रं एकमेकांत शिरतात आणि बेरीज खोटी कमी दिसते.

म्हणून माझं मत असं: क्लॅम्प दुसरा टेस्टर म्हणून घ्या. एका दिवसात पन्नास जागा चाळून संशयित शोधायला त्याला तोड नाही. एकुलता एक टेस्टर म्हणून घेऊ नका.

८. टॉवरच्या पायाच्या अर्थ पट्टीला क्लॅम्प लावला, अर्धा ओहमही आला नाही. एवढं चांगलं अर्थिंग असू शकतं का?

जवळजवळ कधीच नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका लाईनवर सलग अकरा टॉवरांचं रीडिंग मी असंच घेतलं. ०.३, ०.४, ०.३ असे आकडे आले. मुरमाड माळावर उभे टॉवर, आणि आकडे पाणथळ जागेत यावेत असे. मी ते लिहून दिले. पुढच्या उन्हाळ्यात स्पाईक आणि फ्लेक्स कॉइल घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा त्यातले चार टॉवर मर्यादेच्या बाहेर निघाले. एक पूर्ण पावसाळा ते तसेच उभे होते. त्याची रुखरुख अजून जात नाही.

कारण साधं आहे. टॉवरला चार पाय. एका पायाच्या पट्टीतून निघालेला करंट लोखंडातून शेजारच्या पायात जातो आणि जमिनीखालून थोड्या अंतरातच परत येतो. पट्टी त्याच पायाला दोन ठिकाणी जोडलेली असेल किंवा खाली चारही पाय पट्टीने बांधलेले असतील, तर करंट मातीत उतरतही नाही. क्लॅम्प तुम्हाला लोखंडाचा रेझिस्टन्स दाखवतो. क्लॅम्पवर १ ओहमच्या खालचा आकडा आला की आधी धातूचा बंद फेरा शोधा.

आणि पायालाच क्लॅम्प लावावा तर सामान्य क्लॅम्पचा जबडा तीस-चाळीस मिलिमीटरचा. टॉवरच्या पायाचा अँगल त्यात मावत नाही.

९. मग अर्थ वायर न काढता टॉवर मोजायचा कसा?

फ्लेक्स कॉइलने. ही दोरीसारखी लवचिक कॉइल टॉवरच्या पायाभोवती गुंडाळतात. टेस्टर नेहमीसारखाच दोन लांब स्पाईकसह जोडायचा आणि करंट टॉवरमध्ये सोडायचा. काही करंट पायांतून खाली जातो, काही वर चढून अर्थ वायरने निघून जातो. कॉइल फक्त खाली जाणारा मोजते आणि टेस्टर त्यावरूनच हिशेब करतो. लाईन बंद करायला नको, अर्थ वायर सोडवायला नको. आता अर्थ वायरच्या जागी ऑप्टिकल फायबरची ओपीजीडब्ल्यू असते, ती तर तपासणीसाठी सोडवायचा विचारही करता येत नाही. त्यामुळे ही पद्धत जास्तच महत्त्वाची झाली आहे.

चार कॉइलचा संच असेल तर चारही पाय एकदम होतात. एकच कॉइल असेल तर पायापायाने घ्या आणि समांतर जोडणीचा हिशेब करा. समजा चार पायांना ४०, ५०, ४० आणि २५ आले. प्रत्येकाचा व्यस्त घेऊन बेरीज ०.११, म्हणजे टॉवर ९.१ ओहमचा.

जोडताना तीन गोष्टी चुकतात. टेस्टरची लीड कॉइलच्या वर जोडायची, खाली जोडली तर कॉइलला काहीच दिसत नाही. पायाच्या अर्थ पट्टीचा बोल्ट कॉइलच्या वर असेल तर पट्टीही कॉइलच्या वेढ्यात घ्यायची, नाहीतर पट्टीतला करंट हिशेबातून सुटतो. आणि चारही कॉइलवरचे बाण एकाच दिशेला हवेत. एक उलटा लागला तर त्या पायाचा करंट वजा होतो आणि चांगला टॉवर नापास होतो.

अशी यंत्रणा महाग असते. वर्षातून एकदाच टॉवरचं काम मिळत असेल तर भाड्याने घ्या. विकत घ्यायची असेल तर आधी तुमच्या लाईनवरच्या सगळ्यात मोठ्या टॉवरच्या पायाचा घेर दोरीने मोजून आणा. कॉइल आखूड निघाली तर सगळा खर्च वाया.

१०. २५ किलोहर्ट्झचा टेस्टर काय वेगळं करतो? तो चांगला का?

तो अर्थ वायरला जवळजवळ बाजूला सारतो. इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीला साडेतीनशे मीटरचा स्पॅन मोठ्या कॉइलसारखा वागतो. त्याचा अडथळा काही दशक ओहमांत जातो, त्यामुळे करंट शेजारच्या टॉवरकडे फारसा वळत नाही. पाय मोजत बसावं लागत नाही, एका टॉवरला एक जोडणी पुरते.

पण मर्यादा आहे. खडकाळ जागी टॉवरला लांब काउंटरपॉइज पट्टी (ओहम कमी करायला जमिनीत आडवी पसरलेली पट्टी) पुरलेली असते. २५ किलोहर्ट्झला त्या पट्टीचं लांबचं टोकही अडथळा बनतं, म्हणून आकडा ५० हर्ट्झच्या मानाने जास्त दिसू शकतो. स्पॅन फारच लहान असेल तर उलट अर्थ वायर पुरती बाजूला होत नाही. अशा टॉवरवर मी फ्लेक्स कॉइलवर जास्त भरवसा ठेवतो. लांबच लांब लाईन आणि साधा पाया असेल तर उच्च फ्रिक्वेन्सीने काम झपाट्याने उरकतं.

११. ४०० केव्ही लाईनखाली आकडा सतत नाचतो. काय करू?

आधी वायरची दिशा पाहा. स्पाईकच्या वायर लाईनला समांतर टाकल्या असतील तर लाईन त्यांच्यात व्होल्टेज निर्माण करते. काटकोनात टाका. करंटची आणि व्होल्टेजची वायर एकमेकींपासून दूर ठेवा. रीळवर उरलेले वेढे पूर्ण उलगडा.

मग टेस्टरची फ्रिक्वेन्सी पाहा. चांगले टेस्टर ९४, १०५, १११, १२८ हर्ट्झ अशा आकड्यांवर चालतात, म्हणजे ५०च्या पटीत न येणाऱ्या. जो टेस्टर गडबड पाहून स्वतः फ्रिक्वेन्सी बदलतो, तोच टॉवरसाठी घ्या. एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा टेस्टर गावातल्या डीपीवर चालून जातो, कोराडी किंवा चंद्रपूर वीज केंद्रांतून निघणाऱ्या मोठ्या लाईनखाली त्याचे हाल होतात.

१२. चार्ज (चालू) लाईनवर तपासणी करता येते का?

क्लॅम्प, फ्लेक्स कॉइल आणि उच्च फ्रिक्वेन्सी या पद्धतींत काही सोडवावं लागत नाही, म्हणून येते. पण लेखी परवानगी, इन्सुलेटेड हातमोजे आणि बूट हवेतच. तुम्ही वायर हातात धरलेली असताना कुठेतरी फॉल्ट झाला, तर टॉवरचं व्होल्टेज त्या वायरने शंभर मीटरवर स्पाईक ठोकणाऱ्या माणसापर्यंत जातं. त्यामुळे मोजणी सुरू असताना स्पाईकजवळ कोणी थांबायचं नाही, ढोरं चरत असतील तर आधी हाकलायची.

चार्ज लाईनचं किंवा डीपीचं अर्थिंग सोडवून साधा टेस्टर लावायचा नाही. कधीच नाही. त्यासाठी शटडाऊन आणि परमिट घ्या. क्षितिजावर ढग गडगडले की सामान गुंडाळा.

१३. चार टर्मिनलचा टेस्टर घ्या म्हणता, चौथं टर्मिनल कशाला?

दोन कामांना. लीडचा आणि चिमट्याचा रेझिस्टन्स त्यामुळे वजा होतो. अर्थिंग एक-दोन ओहमचं असेल तर याने फरक पडतो. दुसरं काम त्याहून मोठं: चार स्पाईकने मातीचाच रेझिस्टन्स मोजता येतो, अर्थिंग करण्याआधी.

चार स्पाईक एका रेषेत, समान अंतरावर ठोका. स्पाईकची खोली अंतराच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नको. मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते त्याचं माप = २ × ३.१४ × अंतर × रीडिंग. अंतर २ मीटर आणि रीडिंग १.६ ओहम असेल तर साधारण २० ओहम-मीटर. ही चांगली काळी जमीन. अंतर ४, ८, १६ मीटर करत गेलात की आणखी खोलची माती कळते.

उपयोग बघा. तीन मीटर लांब, ४० मिलिमीटर व्यासाचा पाईप १०० ओहम-मीटरच्या जमिनीत सुमारे २९ ओहम देतो. २० ओहम-मीटरच्या काळ्या मातीत सहाच्या आत. १००० ओहम-मीटरच्या खडकाळ जागी २८० पेक्षा जास्त. तिथे एका पाईपने १० ओहम येणारच नाही, कोळसा-मीठ कितीही भरा. हे आधी कळलं तर काउंटरपॉइजचा अंदाजपत्रकात समावेश करता येतो.

१४. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग चालतं का? आणि मोजण्याआधी खड्ड्यात पाणी टाकलं तर?

पुरवठादाराच्या अर्थिंगची तपासणी कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, दोन वर्षांतून किमान एकदा व्हावी, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होतं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही आलं. ते नियम २०२३ मध्ये नव्याने आले आहेत, निविदेत त्यांचाच उल्लेख करा. आपल्यासाठी कोरडा ऋतू म्हणजे एप्रिल-मे. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत उभा पोल ऑगस्टमध्ये ४ ओहम दाखवेल, बांधी वाळल्यावर तोच किती दाखवतो ते महत्त्वाचं.

सहायक स्पाईकला पाणी टाकणं योग्य आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मोजणीच्या आधी पाणी ओतणं म्हणजे खोटं रीडिंग. खड्ड्याला नियमित पाणी घालायची व्यवस्था असेल तर गोष्ट वेगळी, पण माळावरच्या टॉवरला रोज पाणी कोण घालणार? रजिस्टरमध्ये तारखेसोबत जमीन ओली होती की कोरडी, हेही लिहा.

१५. आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. आकडा नेहमी एकच्या आसपास येतो. तपासायची गरज आहे का?

तुम्हाला तर जास्तच आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारेपणामुळे माती करंट चांगला नेते, म्हणून ओहम कमी येतात. पण तोच खारेपणा अर्थिंगची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी खातो. पट्टी कागदाइतकी पातळ उरली तरी टेस्टर १ ओहमच दाखवतो, कारण टेस्टरच्या काही मिलीअँपिअरला तेवढी पुरते. फॉल्टचा मोठा करंट आला की ती वितळून तुटते.

इथे टेस्टरसोबत कुदळही लागते. जमिनीखाली वीतभर उकरा आणि पट्टी डोळ्यांनी पाहा. हवा आणि माती जिथे भेटतात तिथेच ती आधी सडते. सांध्यांसाठी किमान २०० मिलीअँपिअरने कंटिन्युइटी मोजण्याची सोय असलेला टेस्टर घ्या.

१६. ऊन, धूळ, बॅटरी... माहितीपत्रकात आणखी काय पाहू?

चालण्याचं तापमान. कित्येक टेस्टर ४० अंशांपर्यंतच चालतील असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे सावलीतच ४५ होतात. ५० किंवा त्यापुढचा आकडा शोधा. दुकानात नव्हे, भर उन्हात डिस्प्ले वाचता येतो का ते पाहा. धुळीसाठी आयपी ५४ तरी हवं. बॅटरी कोणत्याही खेड्यातल्या दुकानात मिळेल अशी असेल तर दुर्गम भागात, गडचिरोलीकडे, काम अडत नाही. हँडलचा जुना टेस्टर याच एका कारणासाठी अजून उपयोगी आहे. गाडीत काचेखाली टेस्टर ठेवू नका.

१७. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा पुरे का?

एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वर्षातून एकदा, हो. पण मध्ये टेस्टर पडला तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका. पेटीत १० ओहमचा एक अचूक रेझिस्टर ठेवा आणि रोज सकाळी निघण्याआधी त्यावर टेस्टर तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

१८. मी शेतकरी आहे. वावरात ओलीत करताना पोलजवळ झिणझिण्या येतात. मी कोणता टेस्टर घेऊ?

दादा, टेस्टर घेऊ नका. पोलपासून लगेच दूर व्हा, मोटार बंद करा, घरच्यांना आणि ढोरांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, गावातल्या लाइनमनलाही फोन करा. पोलच्या ताणाला, म्हणजे स्टे वायरला, बैल बांधणं किंवा कुंपणाची तार गुंडाळणं ताबडतोब थांबवा.

झिणझिण्या येतात म्हणजे कुठेतरी करंट आधीच गळतो आहे. इन्सुलेटर फुटलेला असू शकतो, तार लोखंडाला टेकलेली असू शकते. अर्थ टेस्टर हे सांगत नाही, आणि अशा पोलला तो लावायला जाणं म्हणजे त्याच धोक्यात हात घालणं. आधी लाईन बंद, मग दोष शोधणं, मग अर्थिंगची मोजणी, आणि हे सगळं परवानाधारक माणसाकडूनच.

१९. एकाच टॉवरला तीन टेस्टरने तीन आकडे आले: साधा २.१, क्लॅम्प ०.४, फ्लेक्स कॉइल १४. कोणता खरा?

तिन्ही टेस्टर खरं बोलत आहेत, प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीबद्दल. साध्या टेस्टरने तुमचा टॉवर आणि अर्थ वायरने जोडलेले शेजारी एकत्र मोजले. क्लॅम्पने पायांमधला लोखंडी फेरा मोजला. फ्लेक्स कॉइलने या टॉवरच्या पायथ्यातून जमिनीत जाणारा करंट मोजला.

वीज पडते तेव्हा पहिल्या काही मायक्रोसेकंदांत करंट शेजारच्या टॉवरपर्यंत जाऊन परत येण्याआधीच इन्सुलेटरवर ताण आलेला असतो. त्या वेळी टॉवरला स्वतःच्या पायथ्याचाच आधार असतो. म्हणून या टॉवरच्या नोंदीत १४ लिहा, सोबत पद्धत, स्पाईकची अंतरं आणि तारीख लिहा, आणि पाऊस सुरू होण्याआधी तिथे काउंटरपॉइजची मागणी पाठवा.